वाचकांचे प्रश्न : तडा गेलेला पंख आणि फ्लटर

प्रश्न : हडपसरला ग्लायडर उडताना पाहतो. पंखाला तडा गेला, तर पंख तिथे मोडण्याची भीती असते हे समजते. पण त्यामुळे फ्लटरही (वाऱ्यामुळे पंखाची आपोआप वाढत जाणारी थरथर) लवकर, म्हणजे कमी वेगाला, येतो का?
— एक वाचक, मगरपट्टा, पुणे

उत्तर : हो. पंख मोडण्याइतका अशक्त झालेला नसतानाही येऊ शकतो.

पंख वर-खाली वाकतो आणि पिळलाही जातो. दोन्ही हालचालींची फ्रिक्वेन्सी वेगळी असते. पिळण्याची बहुधा जास्त. वेग वाढतो तशा त्या जवळ येतात. एका ठरावीक वेगाला त्या जुळल्या, की पंख वाऱ्यातून ऊर्जा ओढू लागतो आणि काही सेकंदांत तुटू शकतो.

म्हणून तड्याची लांबी नंतर, जागा आधी पाहावी. पीळ सोसते ती स्पार (पंखाच्या आतला लांब मुख्य दांडा) आणि स्किन (पंखाचे बाहेरचे आवरण) मिळून झालेली बंद पेटी. तिची स्किन फाटली, रिव्हेटची ओळ सैल झाली किंवा कॉम्पोझिटचे (तंतू आणि रेझिनच्या साहित्याचे) थर सुटले, की पिळाला होणारा विरोध घटतो. हा ताठरपणा २० टक्के कमी झाला, तर पिळण्याची फ्रिक्वेन्सी साधारण साडेदहा टक्के उतरते, कारण ती ताठरपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. मोठ्या प्रवासी विमानांना डिझाइन डाइव्ह वेगाच्या (डिझाइनमध्ये धरलेला, खाली सूर मारतानाचा कमाल वेग) वर १५ टक्के फ्लटरमुक्त वेग राखावा लागतो. नुकसान नेमके हेच राखीव अंतर खाते.

दोष पंखातच हवा असेही नाही. १९५९ आणि १९६० मध्ये दोन लॉकहीड इलेक्ट्रा विमानांचे पंख हवेत तुटले. इंजिनाच्या बैठकीचा ताठरपणा घटला, की प्रोपेलरसह इंजिन गरगर डोलू लागते. ते डोलणे मंदावत सुमारे ३ हर्ट्झवर आले आणि पंखाच्या वाकण्याशी जुळले.

प्रश्न : मग तपासताना नेमके काय पाहतात?

उत्तर : आधी एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी. कंट्रोल स्टिक घट्ट धरून ठेवायची, एलेरॉनची मागची कड हाताने वर-खाली हलवायची आणि डायल गेजवर ढिलाई मोजायची. मर्यादा त्या विमानाच्या मेंटेनन्स मॅन्युअलमधलीच घ्यावी. कॉम्पोझिटवर नाण्याने टकटक करतात. थर सुटला असेल तिथे आवाज बद्द येतो. हनिकोंबमध्ये (मधाच्या पोळ्यासारख्या आतल्या गाभ्यात) पाणी शिरले आहे का, हेही पाहावे.

दुरुस्तीत मात्र एक गोष्ट हमखास राहून जाते. एलेरॉनवर पॅच किंवा रंगाचा नवा थर चढला, की हिंजच्या मागचे वजन वाढते. जागा पूर्वीपेक्षा मजबूत झाली तरी फ्लटरचा वेग खाली येऊ शकतो. त्यामुळे एलेरॉन काढून, हिंजच्या रेषेवर टेकवून बॅलन्स पुन्हा तपासल्याशिवाय विमान उडवू नये.