प्यालेलं पाणी थेट लघवीत जातं का? आणि किडनी म्हणजे नुसती गाळणी का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. पाणी प्यायलं की अर्ध्या-पाऊण तासात लघवीला लागते, मग पोटातून मूत्राशयाकडे एखादी सरळ नळी असते का? आणि किडनीचं काम फक्त घाण गाळणं एवढंच का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असंच आहे.

पहिलं पटकन उरकतो. अन्नमार्ग आणि मूत्रसंस्था यांचा कुठेही सांधा नाही. पाणी मुख्यतः लहान आतड्यातून रक्तात शोषलं जातं. त्यामुळे रक्त किंचित पातळ झालं की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला ते लगेच कळतं आणि पिट्युटरी ग्रंथीतून सुटणारं एडीएच हे हॉर्मोन कमी होतं. एडीएच कमी म्हणजे मूत्रपिंडाला निरोप गेला की पाणी राखायची गरज नाही, सोडून दे. म्हणजे बाहेर पडतं ते तुम्ही आत्ता प्यालेलंच पाणी असं नाही. शरीरातल्या एकूण साठ्यातलं जादा तेवढं पडतं.

आता मूत्रपिंड. पोटातल्या आतड्यांच्या मागे, कण्याच्या दोन्ही बाजूंना, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला ही जोडी असते. लांबी १० ते १२ सेंटिमीटर, वजन प्रत्येकी दीडशे ग्रॅमच्या आसपास. उजवं जरा खाली असतं, कारण वर यकृताने जागा अडवलेली असते. जागा मुद्दाम सांगतोय, कारण कंबर धरली की पुष्कळांना किडनीची शंका येते. मूत्रपिंडाचं दुखणं कंबरेच्या बरंच वर, बरगड्यांच्या खाली कुशीत असतं आणि वाकल्याने किंवा कूस बदलल्याने फारसं कमी-जास्त होत नाही. हालचालीबरोबर बदलणारी कळ बहुधा स्नायूंची किंवा मणक्याची असते.

हृदय विश्रांतीत मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त फेकतं, त्यातलं लिटरभर तरी या तीनशे ग्रॅमच्या जोडीकडे जातं. एवढं रक्त कशाला लागतं, हे पाहायला एका नेफ्रॉनमध्ये, म्हणजे रक्त गाळणाऱ्या एका सूक्ष्म घटकात, शिरावं लागेल. प्रत्येक मूत्रपिंडात असे सुमारे दहा लाख नेफ्रॉन असतात. नेफ्रॉनच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा एक गुंता असतो, ग्लोमेरुलस. त्यात शिरणारी रक्तवाहिनी रुंद आणि बाहेर पडणारी अरुंद, म्हणून आत दाब चढलेला राहतो. या दाबाने रक्तातलं पाणी, मीठ, साखर, युरिया हा टाकाऊ पदार्थ, सगळं पलीकडच्या वाटीसारख्या आवरणात ढकललं जातं. रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं तेवढी अलीकडे राहतात. हे गाळप मिनिटाला सुमारे १२५ मिली, म्हणजे दिवसाला १८० लिटर. रक्तातला द्रव भाग जेमतेम ३ लिटर, तो दिवसाकाठी साठ वेळा गाळून निघतो. आणि लघवी होते दीड लिटर.

म्हणून मला ‘गाळणी’ हा शब्द अपुरा वाटतो. गाळणी नको ते अडवते आणि हवं ते पुढे सोडते. मूत्रपिंड कपाट आवरल्यासारखं काम करतं: आधी जवळजवळ सगळं बाहेर काढायचं, मग हवं ते मोजून परत आत ठेवायचं. जे परत ठेवलं नाही, ती लघवी. शरीराला अनोळखी असलेला एखादा पदार्थ आला तर त्याला ओळखायची गरजच नाही, परत घेतला नाही की झालं.

हे परत घेणं एका लांब नळीत टप्प्याटप्प्याने होतं. पहिल्याच वळणावळणाच्या भागात पाणी आणि मीठ दोन-तृतीयांश परत जातं. साखर आणि अमिनो आम्लं जवळपास सगळीच. साखर उचलणाऱ्या वाहक प्रथिनांची संख्या मात्र ठरलेली असते. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की ते कमी पडतात, साखर नळीत राहते आणि आपल्याबरोबर पाणीही ओढून नेते. मधुमेह हाताबाहेर गेला की वारंवार लघवी आणि तहान का, त्याचं कारण इथे आहे.

पुढे याच नळीचा हेन्लेचा फास नावाचा भाग मूत्रपिंडाच्या गाभ्यात खोल उतरून परत वर येतो. त्याच्यामुळे गाभ्यातला खारटपणा रक्ताच्या चौपटीपर्यंत चढतो. शेवटची संग्राहक नळी याच खारट पट्ट्यातून जाते. एडीएच असेल तर तिच्या भिंतीत पाण्याची दारं उघडतात आणि पाणी बाहेर खेचलं जातं, म्हणून लघवी घट्ट, गडद होते. नसेल तर पाण्यासारखी. लघवी घट्ट करायलाही मर्यादा आहे: रोजचा युरिया आणि क्षार बाहेर टाकायला किमान अर्धा लिटर पाणी लागतंच. म्हणून मोठ्या माणसाची दिवसभराची लघवी ४०० मिलीच्या खाली गेली तर वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

गाळण्याचा सगळा खेळ दाबावर चालतो, हे वेदनाशामक गोळ्या घेताना लक्षात ठेवा. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी औषधं आत येणारी रक्तवाहिनी उघडी ठेवणारे रेणू बनू देत नाहीत. अंगात पाणी भरपूर असताना निरोगी माणसाला एखाद्या गोळीने सहसा काही होत नाही. पण जुलाब-उलट्यांनी कोरडं पडलेलं असताना त्याच गोळ्या मूत्रपिंडाला अचानक बंद पाडू शकतात.

याशिवाय मूत्रपिंड रक्तातलं आम्ल आणि पोटॅशियम काबूत ठेवतं, रेनिन सोडून रक्तदाब सांभाळतं, एरिथ्रोपोएटिन सोडून अस्थिमज्जेला लाल पेशी बनवायला लावतं आणि ड जीवनसत्त्वाला कामाचं रूप देतं. किडनी निकामी झालेल्याला पंडुरोग आणि हाडांचा ठिसूळपणा येतो तो यामुळे. डायलिसिसचं यंत्र ही हॉर्मोन्स बनवत नाही, ती इंजेक्शन-गोळ्यांनी वेगळी द्यावी लागतात.

तयार लघवी मूत्रवाहिनीतून खाली येते. २५ ते ३० सेंटिमीटर लांब, तीन-चार मिलिमीटर रुंद अशी ही स्नायूंची नळी मिनिटाला एक ते पाच वेळा लाटेसारखी आकुंचन पावून लघवी पुढे ढकलते, म्हणून आडवं झोपलं तरी काम थांबत नाही. मूत्राशयाच्या भिंतीत ती तिरकी शिरते. मूत्राशय भरला की भिंतीच्या दाबाने तिचं तोंड आपोआप मिटतं आणि लघवी मागे चढत नाही. मूत्रवाहिनी तीन जागी अरुंद आहे: उगमाशी, ओटीपोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडताना आणि मूत्राशयात शिरताना. मुतखडा अडकतो तो बहुधा यांपैकी एका जागी. वाट तुंबून मागे दाब चढतो, नळी खड्यावर आवळत राहते आणि कळ लाटांनी येते. ५ मिलिमीटरपर्यंतचे खडे बहुतेक वेळा आपसूक पडतात. मात्र खडा आणि थंडी-ताप एकत्र आले तर ती तातडीची बाब, कारण तुंबलेल्या लघवीत जंतू वाढत असतात.

मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिली मावतं, पहिली जाणीव दीडशे-दोनशेला होते. तोंडाशी दोन झडपा: आतली आपल्या ताब्यात नाही, बाहेरची आहे. लहान मुलं वाढताना शिकतात ते बाहेरच्या झडपेवरचा ताबा. पुरुषांत याच तोंडाखाली प्रोस्टेट ग्रंथी मूत्रमार्गाला वेढून असते. वाढली की धार बारीक होते, लघवी मागे उरते आणि उरलेल्या लघवीत संसर्ग होतो. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर, पुरुषांचा २० च्या आसपास. आतड्यातल्या ई. कोलाय या जंतूंना एवढं कमी अंतर कापायचं असतं म्हणून स्त्रियांना संसर्ग जास्त.

संसर्गाच्या तपासणीला नमुना देताना बरेच जण चुकतात, म्हणून तेही सांगतो. हात धुवा, जागा साध्या पाण्याने स्वच्छ करा, पहिली धार सोडून द्या, मधली २०-३० मिली बाटलीत धरा. बाटलीच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नका. नमुना तासा-दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर राहिला की त्यात जंतू वाढतात आणि अहवाल खोटा येतो. कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, सांगितलं असेल तर नमुना प्रतिजैविकाच्या पहिल्या गोळीआधी द्या.

आणि ‘क्रिएटिनिन नॉर्मल आहे’ यावर निर्धास्त राहू नका. क्रिएटिनिन हा रक्तात मोजला जाणारा टाकाऊ पदार्थ स्नायूंतून येतो, त्यामुळे किरकोळ बांध्याच्या वयस्कर माणसात गाळण्याची क्षमता निम्म्यावर आली तरी आकडा ठीक दिसू शकतो. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर वर्षातून एकदा वय धरून काढलेला ईजीएफआर (गाळण्याच्या वेगाचा अंदाज) आणि लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन)-क्रिएटिनिन गुणोत्तर, दोन्ही बघा. ईजीएफआर तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली किंवा गुणोत्तर तेवढाच काळ ३० च्या वर राहिलं, तर त्याला मूत्रपिंडाचा जुनाट आजार म्हणतात.