एल्फचा ताठा आणि शनिवारची रात्र

प्रश्न: ताई, आम्ही पाच जण दर शनिवारी रात्री कोथरूडला मित्राच्या घरी डी अँड डी खेळतो, म्हणजे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा पात्रं घेऊन, फासे टाकून गोष्ट रचायचा खेळ. खेळातलं माझं पात्र फायटर, म्हणजे लढवय्या, आहे. ग्रुपमधली एक मैत्रीण हाय एल्फ विझर्ड खेळते, म्हणजे शेकडो वर्षं जगणाऱ्या एल्फ जमातीतली जादूगार. दिवाळीपासून माझ्या फायटरचा तिच्या एल्फवर जीव जडलाय. तिच्यासाठी मी पुलावर एकटा ट्रोलच्या अंगावर गेलो, लुटीतलं माझ्या वाट्याचं पाचूचं कंकण तिला दिलं. त्यावर ती म्हणाली, ‘‘तुझं सगळं आयुष्य म्हणजे माझी एक दुपार.’’ सगळे हसले. गेल्या शनिवारी मी पर्स्वेजन, म्हणजे मन वळवण्याचा फासा, टाकलं, एकूण २३ झाले, म्हणजे भरपूर. तरी ती म्हणाली, चालणार नाही. खेळ चालवणाऱ्या डीएमनेही तिचीच बाजू घेतली. आता आमचा वॉरलॉक, म्हणजे मांत्रिकाचं पात्र खेळणारा मित्र, म्हणतोय, मी तिच्यावर चार्म पर्सन हा मोहिनीचा मंत्र टाकतो. एल्फ झाली म्हणून एवढा ताठा बरोबर आहे का? आणि हल्ली शनिवारची वाट मी खेळासाठी बघतो की तिच्यासाठी, तेही कळेनासं झालंय.
– एक वाचक, पुणे

उत्तर: आधी त्या वॉरलॉकला फोन कर आणि चार्म पर्सनचा बेत रद्द म्हणून सांग. आजच सांग. तुम्ही खेळाच्या नियमांची पाचवी आवृत्ती खेळता असं धरते. तिच्यात एल्फला मोहिनीविरुद्ध ॲडव्हांटेज असतो, म्हणजे तुझी मैत्रीण दोनदा डाइस टाकून मोठा आकडा घेणार. मोहिनी लागलीच, तर मित्र वाटणार तो वॉरलॉक, कारण मंत्र त्याचा. त्यात प्रेमाचा तर उल्लेखही नाही. फार तर तासाभराने असर उतरतो आणि हे आपल्यावर कुणी केलं ते तिला कळतं. मंत्राच्या वर्णनात तसं सरळ लिहिलंय. हे सगळं नियमांचं झालं. नियमात बसत असतं तरी मी नको म्हटलं असतं.

२३चंही तेच. सरायवाला, वेशीवरचा पहारेकरी, रुसलेला राजा ही डीएमची माणसं, त्यांच्यावर खुशाल पर्स्वेजन टाक. दुसऱ्या खेळाडूच्या पात्राला काय वाटावं हे तो खेळाडूच ठरवतो. तुमच्या डीएमने योग्य केलं, त्याच्यावर राग धरू नकोस.

मी इतक्या तावाने लिहितेय त्याला कारण आहे. मीही तीन वर्षं एल्फ खेळले, रेंजर होती. टेबलावरच्या एका मुलाचं पात्र तिच्या मागे लागलं. दर मुक्कामाला शेकोटी पेटली की तोच प्रसंग. मी नाही म्हणायचे, पुढच्या सेशनला तो नवी भेट घेऊन यायचा आणि बाकीच्यांना त्याची मौज वाटायची. मग मी माझ्या एल्फला दर वेळी आणखी गर्विष्ठ करत गेले. तुसडं बोलायला लागले. ‘आम्ही ताऱ्यांच्या उजेडात वाढलो, तुम्ही चुलीच्या धुरात’ असली वाक्यं घरून तयार करून न्यायचे. मला दाराला लावायला तेवढी एकच कडी मिळाली होती. शेवटी मी ते टेबल सोडलं. कॅरेक्टर शीट अजून फाइलमध्ये आहे, पाचव्या लेव्हलला थांबलेलं. त्या एल्फची मला आठवण येते.

तुझी मैत्रीण हेच करतेय असं माझं म्हणणं नाही. तिला मानी एल्फ रंगवायला मनापासून आवडत असेल. ते दुपारचं वाक्य तर इतकं सुरेख आहे की मला तिचा हेवा वाटला. पण यातलं खरं काय, ते खेळाच्या आत राहून तुला कळायचं नाही.

तुझ्या शेवटच्या वाक्याबद्दल. पात्राच्या भावना खेळाडूला लागतात त्याला लार्प (पात्र प्रत्यक्ष अंगाने वठवायचा खेळ) खेळणारे ‘ब्लीड’ म्हणतात. कच्च्या रंगाचं लुगडं बाकीच्या कपड्यांबरोबर भिजत घातल्यावर होतं तसं. यात लाजण्यासारखं काही नाही. आठवड्यातून चार तास एकमेकांचा जीव वाचवणाऱ्या माणसांत ओढ निर्माण होणारच. फक्त कुठला रंग कुणाचा, ते बघ. १९८६मध्ये जपानच्या ‘कॉम्पटिक’ मासिकात एका ग्रुपच्या डी अँड डी खेळाचे वृत्तांत येऊ लागले. त्यातली डीडलिट ही मानी एल्फ तरुणी लोकांना फार आवडली आणि त्या खेळावरून पुढे कादंबऱ्या आणि ॲनिमे झाले. टेबलावर तिला खेळत होते हिरोशी यामामोतो नावाचे लेखक. तेव्हा एका कागदावर लिहून काढ: तुला त्या एल्फचं काय आवडतं, आणि डाइस पिशवीत गेल्यावर त्या मैत्रिणीचं काय आवडतं. दुसरी बाजू कोरी राहिली, तर तुझं प्रेम खेळातल्या त्या कथेवर आहे. ते तिथेच राहू दे, छान राहील.

कोरी राहिली नाही, तर तिला शनिवार सोडून एखाद्या दिवशी चहाला विचार. तू तुझ्या नावाने, ती तिच्या. ट्रोल आणि कंकण मध्ये आणू नकोस. त्याच भेटीत हेही विचार की फायटरचं प्रेमप्रकरण तिला खेळात हवं आहे का. नको म्हणाली, तर पुढच्या सेशनच्या आधी डीएमला सांगून तो धागा सोडून द्यायचा आणि तिने कारण द्यावं अशी अपेक्षा करायची नाही. पुढची मोहीम तुम्हाला एकत्रच करायची आहे.

आणि ती म्हणाली की खेळात चालेल, मला आवडतंय, तर मग त्या ताठ्याकडे नीट बघ. एल्फ साडेसातशे वर्षं जगू शकते. शंभरीच्या आसपास ती स्वतःला वयात आलेली मानते आणि लहानपणीचं नाव सोडून नवं नाव घेते. तुझा फायटर शंभरीही गाठणार नाही. त्याच्यावर जीव लावायचा म्हणजे त्याच्यामागे कित्येक शतकं एकटीने काढायची. ‘माझी एक दुपार’ यात मला गर्वाइतकीच भीती ऐकू येते. अशा पात्राला भेटी देऊन काय होणार? तुम्ही आठ तास झोपता तेव्हा तिचं चार तासांच्या ध्यानात भागतं. उरलेले चार तास ती शेकोटीपाशी एकटी जागी असते. तू रात्रीचा पहारा तेव्हाचा मागून घे. प्रेमाचं बोलू नकोस. तिचं लहानपणीचं नाव काय होतं ते विचार, आणि ती सांगेल किंवा सांगणार नाही, तोवर लाकडं सारत बस.

कंकण परत मागू नकोस.