आधी तुझा श्वास, मग ठेका

बाळा,

तुझं अख्खं पत्र 'घाबरल्यावर शांत व्हायला कोणता राग लावू' यावरच! रागाचं नंतर बघू. तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री तू कानात संथ बासरी लावलीस, 'खोल श्वास घे' म्हणून स्वतःला दटावलंस आणि बोटांना मुंग्या आल्यावर आणखी घाबरलीस. राग चुकला नव्हता. तुझा श्वास मिनिटाला १८च्या पुढे धावत होता आणि तू त्याला एकदम ६वर आणायला निघालीस. धावत्या माणसाला मागून ओढलं तर तो आपटणारच. ठेका श्वासाला लावायचा, श्वास ठेक्याला नाही.

मुंग्यांचा दोष निम्मा आम्हा शिकवणाऱ्यांचा. 'खोल श्वास घ्या' हे आमच्या तोंडी बसून गेलं. म्हणायला हवं होतं 'सावकाश आणि लहान'. मोठमोठे श्वास भराभर घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा खाली जातो. चक्कर आणि मुंग्या त्यातून येतात, ऑक्सिजन कमी पडल्यामुळे नव्हे. म्हणून श्वासाचा आवाज तुझा तुलाही ऐकू येता कामा नये. खांदे हलू नयेत, पोटावरचा हात जेमतेम उचलला जावा.

आता काम. पाच मिनिटं नुसती बस, मग एक पूर्ण मिनिट श्वास मोज. आपण मोजायला लागलो की श्वास बदलतो, म्हणून जमल्यास घरातल्या कुणाला तरी गुपचूप मोजायला सांग. समज, १८ आले. तबल्याच्या ॲपवर दादरा, म्हणजे सहा मात्रांचा (तालाच्या मोजणीतल्या ठोक्यांचा) ताल, लाव: 'धा धी ना'वर श्वास आत, 'धा ती ना'वर बाहेर. एक आवर्तन, तालाची एक पूर्ण फेरी, म्हणजे एक श्वास. लय किती ठेवायची? तुझे श्वास गुणिले सहा, म्हणजे मिनिटाला १०८ मात्रा. हो, हे संथ नाही, आणि नसायलाच हवं. दर दोन मिनिटांनी लय १२ने उतरव: ९६, ८४, ७२, ६०. साठला पोचलीस की मिनिटाला १० श्वास झाले. पहिल्या आठवड्यात यापुढे जायचं नाही, कितीही सोपं वाटलं तरी.

मध्येच जांभया यायला लागल्या किंवा पुढचा श्वास अधाशासारखा ओढला गेला, तर तू लय घाईने उतरवलीस. १२ने वर जा. त्यात कमीपणा कसला?

दुसऱ्या आठवड्यात साठच्याच लयीत सात मात्रांचा रूपक. 'ती ती ना'वर आत, उरलेल्या चार मात्रांवर बाहेर. श्वास सोडणं घेण्यापेक्षा लांब होतं ते इथून. मग दहा मात्रांचा झपताल, पण ८०पासून. समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, श्वास घ्यायचा, खालीवर, म्हणजे सहाव्या मात्रेवर, सोडायचा. ७०, मग ६०. आता एक आवर्तन १० सेकंदांचं, मिनिटाला ६ श्वास. हे बसलं की चार मात्रा आत, सहा बाहेर.

सहाच का? श्वास घेताना हृदयाचे ठोके जरा वाढतात, सोडताना उतरतात. रक्तदाब सांभाळणाऱ्या यंत्रणेची स्वतःची एक लय साधारण दहा सेकंदांची असते. श्वास तिच्याशी जुळला की हा चढउतार सगळ्यात मोठा होतो. कुणाचा साडेपाचला जुळतो, कुणाचा साडेसहाला. आकड्यासाठी जीव काढू नकोस.

संगीतोपचारात याला आयसो तत्त्व म्हणतात. आधी माणसाच्या अवस्थेशी जुळणारं संगीत, मग हळूहळू बदल. १९४०च्या दशकात अमेरिकेत आयरा ऑल्टशुलर या मनोविकारतज्ज्ञाने ते मांडलं. लोक माझ्या या आकडेमोडीला हट्ट म्हणतात. असू दे हट्ट. रोगनिहाय रागांचे तक्ते वाटण्यापेक्षा हा बरा. इटलीच्या लुचियानो बर्नार्डी यांनी २००६ साली सहा प्रकारचं संगीत २४ जणांना ऐकवून पाहिलं. त्यात आपला रागही होता. श्वास आणि ठोके बदलले ते मुख्यतः लयीने, आवडीनिवडीने नव्हे. आणि मध्ये सोडलेल्या दोन मिनिटांच्या शांततेत ते सुरुवातीच्याही खाली गेले. म्हणून शेवटी दोन मिनिटं सगळं बंद करून नुसतं बसायचं. नेमकं हेच सगळे टाळतात.

सूर हवाच असेल तर ठेक्याखाली तानपुरा ठेव, तोही तुझ्या गळ्याच्या पट्टीत. शब्दांची गाणी नकोत, शब्द आठवणींकडे खेचतात. आवाज बेताचा. आणि ध्वनिफीत आधी उतरवून घे. झपतालाच्या मध्यात साबणाची जाहिरात वाजली की सगळी मेहनत पाण्यात.

ऐन भीतीच्या क्षणी फोन शोधू नकोस, मांडीवर बोटांनी दादरा धर. झपताल नाही! तेव्हाचा श्वास जसा धावत असेल तशाच लयीत सुरू कर, मग उतरव. ठेका श्वासाला लावायचा, विसरलीस ना लगेच? श्वासाकडे लक्ष दिल्यानेच घाबरायला होत असेल तर डोळे उघडे ठेव आणि लक्ष बोटांवर ने. दम्याचा त्रास असेल तर श्वास रोखण्याचे प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. असे झटके वारंवार येत असतील तर ठेक्यावर भागवू नकोस, डॉक्टरांकडे जा. रात्री-अपरात्री बोलायला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आहे.

पुढच्या पत्रात राग विचारू नकोस. दोन आकडे कळव: सकाळी उठल्यावर मिनिटाला किती श्वास, आणि दादरा कोणत्या लयीला अडला.