वाहन-सल्ला : एअरबॅगचं रिकॉल, चेसिस नंबर आणि पुराचं पाणी

या महिन्यात बडोद्याहून आलेल्या पत्रांमध्ये एअरबॅगबद्दलचे प्रश्न सर्वांत जास्त होते. त्यांतल्या निवडक प्रश्नांना इथे उत्तरं दिली आहेत. रिकॉल म्हणजे कारखान्यातला दोष फुकट दुरुस्त करून देण्यासाठी कंपनीने गाड्या परत बोलावणं. सारखेच प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : पुण्याची 2011 ची होंडा सिटी मी सेकंडहँड घेतली. जी.जे. 06 पासिंग होऊन आर.सी. माझ्या नावावर आहे. या गाड्यांच्या एअरबॅगचं रिकॉल झालं होतं असं कळलं, पण मला एकही पत्र आलं नाही. डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवाही वेळेवर विझतो. तेव्हा काळजीचं कारण नाही ना?
— वाचक, दांडिया बाजार

काळजीचं कारण आहे. पत्र न येणं आणि दिवा विझणं, या दोन्हींवर विसंबू नका.

आधी पत्राचं. रिकॉलची सूचना कंपनीच्या नोंदीत असलेल्या मालकाला जाते. आर.टी.ओ.त नाव बदललं म्हणून कंपनीच्या नोंदीत ते आपोआप बदलत नाही. तुमची सूचना पुण्यातल्या पहिल्या मालकाच्या जुन्या पत्त्यावर किंवा त्याच्या बंद पडलेल्या मोबाइलवर गेली असण्याचीच शक्यता जास्त. म्हणून कस्टमर केअरला आर.सी.ची प्रत पाठवून आपलं नाव, पत्ता आणि मोबाइल नंबर नोंदवून घ्या.

आता दिव्याचं. इग्निशन चालू केल्यावर हा दिवा साधारण सहा सेकंद लागतो आणि विझतो. तेवढ्या वेळात कंट्रोल युनिट (बॅग कधी उघडायची हे ठरवणारा छोटा संगणक) वायरिंग, सेन्सर आणि बॅग पेटवणाऱ्या सर्किटचा रोध तपासतं. इन्फ्लेटर म्हणजे बॅग फुगवणारी धातूची बंद डबी. तिच्यातलं रसायन कोणत्या अवस्थेत आहे हे त्या तपासणीत कळूच शकत नाही. जपानच्या टकाटा कंपनीच्या इन्फ्लेटरमधला दोष नेमका तिथेच होता. त्यात अमोनियम नायट्रेट वापरलं होतं आणि जुन्या इन्फ्लेटरमध्ये ओलावा शोषणारा पदार्थ नव्हता. वर्षानुवर्षं दमटपणा आणि उष्णतेचे चढउतार सोसून रसायनाच्या वड्या भुसभुशीत होतात. मग धडकेच्या वेळी त्या ठरल्यापेक्षा फार वेगाने जळतात, दाब वाढून डबीच फुटते आणि धातूचे तुकडे बॅग फाडून चेहऱ्यावर आणि मानेवर येतात. मे महिन्यातलं बडोद्याचं ऊन आणि त्यामागून येणारा पावसाळा अशा इन्फ्लेटरला अजिबात मानवणारा नाही. गाडी जितकी जुनी, तितका धोका मोठा.

होंडाने भारतात हे काम टप्प्याटप्प्याने केलं. 2016 मध्ये सुमारे 1 लाख 90 हजार गाड्या बोलावल्या, त्यांत सिटी, जॅझ, सिव्हिक आणि सीआर-व्ही होत्या. 2017 मध्ये आणखी 41,580 आणि जानेवारी 2018 मध्ये 2013 साली बनलेल्या 22,834 गाड्या त्यात आल्या. तुमची गाडी कोणत्या टप्प्यात येते आणि तिचं काम झालं आहे की नाही, हे फक्त चेसिस नंबर सांगेल. मॉडेल आणि वर्ष यांवरून अंदाज बांधू नका.

चेसिस नंबर 17 अक्षरांचा असतो. तो आर.सी.वर छापलेला असतो आणि गाडीवर कोरलेला असतो. दोन्ही जुळतात का ते आधी पाहा. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, म्हणजे गोल दिसलं तर शून्य आणि उभी रेघ दिसली तर एक. संकेतस्थळावर "नोंद सापडली नाही" असं येण्याचं नेहमीचं कारण इथे झालेली चूक हेच असतं. मारुतीच्या बऱ्याच गाड्यांत एमए3 आणि पुढची 14 अक्षरं अशी रचना असते. होंडा, मारुती, टोयोटा यांच्या संकेतस्थळांवर हा नंबर टाकून रिकॉल तपासता येतं. उत्तराचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा.

"काम झालेलं आहे" असं उत्तर आलं तरी सर्व्हिस सेंटरला दोन गोष्टी विचारा : ड्रायव्हरच्या बाजूचा इन्फ्लेटर बदलला, प्रवाशाच्या बाजूचा, की दोन्ही? आणि कोणत्या साली? दोन बाजूंची रिकॉल वेगवेगळी निघू शकतात. शिवाय सुरुवातीच्या काळात परदेशात काही गाड्यांना तात्पुरते त्याच जातीचे इन्फ्लेटर बसवले गेले आणि ते पुढे पुन्हा बदलावे लागले. म्हणून "एकदा झालंय" एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका.

प्रश्न : रिकॉलमध्ये आमची गाडी निघाली. सर्व्हिस सेंटर म्हणतं, पार्ट आला की फोन करू. दोन महिने झाले. तोवर गाडी चालवावी का? ओळखीचा मेकॅनिक एअरबॅगचं कनेक्शन काढून देतो म्हणतो.
— वाचक, मांजलपूर. असाच प्रश्न कारेलीबागहून

दोष कोणत्या भागात आहे, यावर उत्तर अवलंबून आहे. इन्फ्लेटरच्या दोषात बॅग उघडली तर इजा होते. कंट्रोलरच्या, म्हणजे कंट्रोल युनिटच्या, दोषात बॅग उघडतच नाही. जानेवारी 2023 मध्ये मारुतीने एअरबॅग कंट्रोलरसाठी 17,362 गाड्या बोलावल्या. 8 डिसेंबर 2022 ते 12 जानेवारी 2023 या काळात बनलेल्या ऑल्टो के10, एस-प्रेसो, ईको, ब्रेझा, बलेनो आणि ग्रँड विटारा यांत होत्या. भाग बदलेपर्यंत गाडी चालवू नका, असं कंपनीने स्वतःच सांगितलं होतं. तुमच्या सूचनेत असं वाक्य असेल तर ते अक्षरशः पाळा.

ड्रायव्हरच्या बाजूचा इन्फ्लेटर दोषी असेल तर गाडी उभीच ठेवा, आमचं स्पष्ट मत हेच आहे. "हळू चालवतो" म्हणून भागत नाही, कारण समोरून येणारा हळू येत नाही. दोष फक्त प्रवाशाच्या बाजूला असेल आणि गाडीवाचून खरोखरच अडत असेल, तर ती सीट रिकामी ठेवा आणि सगळ्यांना मागे बेल्ट लावून बसवा. मेकॅनिकला कनेक्शन काढू देऊ नका. एक सर्किट तुटलं की दिवा कायमचा पेटतो आणि अनेक गाड्यांत बाकीची यंत्रणा, म्हणजे बेल्ट आवळणारे प्रीटेन्शनरसुद्धा, भरवशाची राहत नाही.

फोनची वाट पाहत बसू नका. कंपनीच्या ग्राहक कक्षाला ई-मेल करा. त्यात चेसिस नंबर, सर्व्हिस सेंटरला पहिल्यांदा गेलात ती तारीख आणि तीन मागण्या लिहा : भाग कधी येईल त्याची लेखी तारीख, गाडी घरून नेण्याची सोय, आणि उशीर होणार असेल तर बदली गाडी. बदली गाडी मिळेलच असं नाही, पण मागितली नाही तर नक्कीच मिळत नाही. रिकॉलचं काम गाडी घेतली त्याच डीलरकडे करावं लागतं असंही नाही. त्याच कंपनीच्या आणंद, भरूच किंवा अहमदाबादच्या अधिकृत सेंटरमध्ये विचारा, भाग तिथे आधी आलेला असू शकतो.

काम झाल्यावर जॉब कार्डची प्रत घ्या. तिच्यावर रिकॉलचा क्रमांक, बदललेल्या भागाचं नाव आणि रक्कम शून्य असं लिहिलेलं असलं पाहिजे. पुढे गाडी विकताना हाच कागद उपयोगी पडतो. ड्रायव्हरच्या बाजूचं काम तासाभराचं असतं. प्रवाशाच्या बाजूला ग्लोव्ह बॉक्स, कधी कधी अख्खा डॅशबोर्ड उघडावा लागतो, म्हणून त्या दिवशी गाडी सोडूनच या. परत घेताना डॅशबोर्डच्या फटी आणि हॉर्न तपासा.

प्रश्न : ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या सोसायटीत शिरलं. गाडीत सीटपर्यंत पाणी होतं. धुऊन, वाळवून चालू केली, इन्शुरन्सही मिळाला. आता एअरबॅगचा दिवा मधूनच लागतो. रिकॉलमध्ये हे बसेल का?
— वाचक, समा

बसणार नाही. रिकॉल कारखान्यातल्या दोषाला असतं, पुराचं नुकसान विम्याचं. पण तुमची तक्रार रिकॉलइतकीच गंभीर आहे.

बहुतेक गाड्यांत एअरबॅगचं कंट्रोल युनिट गिअरच्या आसपास, मधल्या कन्सोलखाली, जमिनीला लागून बोल्टने बसवलेलं असतं. पुढच्या सीटखाली पिवळे कनेक्टर असतात. पिवळा रंग ही एअरबॅगच्या वायरिंगची खूण, हे लक्षात ठेवा. बेल्टचे प्रीटेन्शनर दारांमधल्या खांबाच्या तळाशी असतात. पाणी सीटपर्यंत होतं म्हणजे हे सगळं बुडालं होतं. कार्पेटखालचा फोम आठवडेच्या आठवडे ओला राहतो आणि कनेक्टरच्या पिनांवर हिरवा गंज चढतो. खड्ड्यातून गाडी गेली की संपर्क तुटतो, दिवा लागतो, आणि पुन्हा विझतो.

कनेक्टर स्प्रे मारून दिवा विझवणं हा यावरचा इलाज नव्हे. स्कॅनरवर एअरबॅग प्रणालीचे बी अक्षराने सुरू होणारे कोड वाचून घ्या आणि त्यांची प्रिंट मागा. बुडालेलं कंट्रोल युनिट उघडून वाळवत नाहीत, नवीनच बसवतात. प्रीटेन्शनरसह बेल्टही बदलायचे. बेल्ट पूर्ण बाहेर ओढून पाहा : शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीची रेषा असेल किंवा तो परत जाताना अडखळत असेल, तर आतल्या रिळात गाळ आहे. पाणी स्टिअरिंगच्या मध्यापर्यंत चढलं होतं का, हेही सेंटरला सांगा, कारण मग ड्रायव्हरची बॅगही बदलावी लागते. सर्व्हेअरच्या पहिल्या अंदाजपत्रकात हे भाग नसतील तर विमा कंपनीला लेखी कळवून पुरवणी अंदाजाची मागणी करा. जितका उशीर, तितकं ते अवघड होतं.

घरी एक गोष्ट मुळीच करू नका : पिवळ्या वायरीला मल्टिमीटर लावणं. मीटरच्या क्षीण प्रवाहानेही बॅग उडू शकते. काम करणाऱ्यानेसुद्धा आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून, मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबायचं असतं, कारण युनिटमधल्या कपॅसिटरमध्ये चार्ज शिल्लक असतो.

प्रश्न : दिवा सतत पेटलेला आहे, शिवाय हॉर्नही वाजत नाही. गॅरेजवाला म्हणतो, रेझिस्टर लावून दिवा बंद करतो.
— वाचक, वाडी

हॉर्न, स्टिअरिंगवरची ऑडिओची बटणं आणि एअरबॅगचा दिवा एकाच वेळी बिघडले, तर बॅगवर संशय घेण्याआधी क्लॉक स्प्रिंग तपासा. ती स्टिअरिंगखाली गुंडाळलेली चपटी केबल असते आणि या तिन्हींची जोडणी तिच्यातूनच जाते. नवीन बसवताना चाकं सरळ आणि स्प्रिंग मध्यावर हवी, नाहीतर पहिल्याच पूर्ण वळणावर ती तुटते.

रेझिस्टर लावू देऊ नका. त्याने कंट्रोल युनिटला बॅग जागेवर असल्याचा खोटा निरोप जातो आणि धडकेत काहीच उघडत नाही. अपघात झालेल्या जुन्या गाड्या विकताना हाच प्रकार होतो, म्हणून सेकंडहँड गाडी पाहताना इग्निशन लावल्यावर दिवा लागतो का, हे आधी पाहा. मुळीच न लागणारा दिवा हा सतत पेटलेल्या दिव्याइतकाच संशयास्पद.

प्रश्न : रिकॉलसाठी सात वर्षांची अट आहे म्हणतात. माझी गाडी नऊ वर्षांची आहे. तक्रार कुठे करायची?
— वाचक, फतेहगंज

मोटार वाहन कायद्याच्या कलम 110-अ खाली सरकार कंपनीला गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकतं. त्याचे नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू आहेत, आणि सात वर्षांची मर्यादा त्या नियमांतली आहे. कंपनीने स्वतःहून जाहीर केलेलं रिकॉल वेगळं. ते याहून जुन्या गाड्यांनाही असू शकतं. तेव्हा चेसिस नंबर यादीत असेल आणि सेंटर "गाडी जुनी झाली" म्हणून परत पाठवत असेल, तर नकार लेखी मागा. बहुतेक वेळा तिथेच सूर बदलतो.

गाडी सात वर्षांच्या आतली असेल तर दोषाची तक्रार वाहन पोर्टलवर नोंदवता येते. एका तक्रारीवर आदेश निघत नाही, तक्रारींचं ठरावीक प्रमाण भरावं लागतं. म्हणून तशीच गाडी असलेल्या शेजाऱ्यालाही नोंदवायला सांगा. पैसे मागितले किंवा टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. तिथे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. अपघातात बॅग उघडलीच नाही अशा क्रेटाच्या प्रकरणात 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्राहकाच्या बाजूने निकाल दिला होता. धडकेचा वेग आणि बल यांचं गणित ग्राहकाने मांडावं अशी अपेक्षा करता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

प्रश्न : डॅशबोर्डवर गणपती चिकटवलाय आणि नवीन सीट कव्हर घातलीत. चालेल ना?
— वाचक, रावपुरा

प्रवाशासमोरच्या डॅशबोर्डवर 'एसआरएस एअरबॅग' असं कोरलेलं असतं, ते झाकण उघडून बॅग बाहेर येते. त्यावरची मूर्ती डोळ्याच्या पापणीच्या उघडझापीपेक्षाही कमी वेळात समोरच्याच्या चेहऱ्यावर आदळेल. गणपती मध्यभागी, एसीच्या जाळीच्या खाली, लहान आणि हलका बसवा. सीटच्या बाहेरच्या कडेला 'एअरबॅग' अशी पट्टी असेल तर त्या बाजूची शिवण फाटण्याजोगी असलेलीच कव्हर घ्या. तशी मिळाली नाहीत तर पुढच्या दोन सीट उघड्याच ठेवा. आणि ड्रायव्हरची छाती स्टिअरिंगच्या मध्यापासून किमान 25 सेंटिमीटर लांब राहील इतकी सीट मागे घ्या.