हलकं घ्यावं की सगळं असलेलं?

प्रश्न : माझा लॅपटॉप जुना आहे, रॅम फक्त २ जीबी, त्यावर हलकं डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकलंय. वायफाय जोडायला बरीच वर्षं विकेड नावाचं सॉफ्टवेअर वापरत होतो, छोटंसं होतं, कधी त्रास नाही. सिस्टीम नवीन केली तर ते पॅकेजच गायब! मित्र म्हणतो त्याच कामाचं नेटवर्कमॅनेजर टाक, दुसरा म्हणतो ते फार जड आहे, फक्त वायफायपुरतं असलेलं आयडब्ल्यूडी (iwd) टाक. दोन्ही टाकून बघितले तर वायफाय लागतं आणि थोड्या वेळात सुटतं. मला घरचं वायफाय, कधी फोनची केबल लावून नेट आणि ऑफिसचं व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कला सुरक्षित जोडणी), एवढंच हवंय. काय ठेवू?

उत्तर : आधी ते लागतं-सुटतंचं बघू. दोन्ही एकत्र चालू आहेत ना, तिथेच घोळ आहे. एक प्रोग्राम वायफायचं कार्ड हातात घेतो, जोडतो, की दुसऱ्याला वाटतं हे तर माझं काम, तो परत पहिल्यापासून सुरू करतो. दोघांपैकी एकाला टर्मिनलमधल्या सिस्टीमसीटीएल (systemctl) कमांडने डिसेबल करा आणि मशीन रीस्टार्ट करा, बहुतेक तेवढ्यानेच थांबेल.

विकेडचं वाईट मलाही वाटतं, पण ते पायथन २ या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं होतं आणि पायथन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला, म्हणून २०२१ च्या डेबियन ११ मधून ते गेलं. आणि खरं सांगायचं तर व्हीपीएन त्याला कधीच येत नव्हतं, ते तुम्ही वेगळंच चालवत असणार.

आता जड-हलकं. लोक हा शब्द ऐकून घाबरतात, पण नेटवर्कमॅनेजर मागे चालू असताना जेवढी रॅम घेतं त्याहून जास्त तुमच्या ब्राउझरचा एक टॅब घेतो, त्यामुळे २ जीबीत सुद्धा वाचवायची जागा ही नव्हे. सॉफ्टवेअरला काय काय येतं ते मोजत बसू नका, तुम्ही किती प्रकारांनी नेटला जोडता ते मोजा. एका जागी बसलेला, केबल लावलेला डेस्कटॉप असता तर मी म्हटलं असतं काहीही टाकू नका, सिस्टीममध्ये आधीच असलेल्या सिस्टीमडी-नेटवर्कडीची चार ओळींची फाईल लिहा, त्यात कार्डाचं नाव आणि डीएचसीपी यस (DHCP=yes, म्हणजे आयपी पत्ता राउटरकडून आपोआप घे), संपलं. नुसतं घरचं वायफाय असतं तर आयडब्ल्यूडी झकास आहे, फक्त आयपी घ्यायचं काम ते स्वतःहून करत नाही, सेटिंगमध्ये ते चालू करावं लागतं, नाहीतर वायफाय जोडलेलं दिसतं आणि पान एकही उघडत नाही, मग माणूस राउटरला शिव्या घालत बसतो.

पण तुमचे प्रकार तीन आहेत, त्यात व्हीपीएन. नेटवर्कमॅनेजरच घ्या. फोन केबलने लावला आणि फोनमध्ये टेदरिंग चालू केलं की ते आपोआप उचलतं. खाली कोपऱ्यात जो आयकॉन दिसतो तो वेगळा प्रोग्राम असतो बरं का, तो नको असेल तर टाकू नका, टर्मिनलमध्ये एनएमटीयूआय (nmtui) लिहा, निळ्या पडद्यावर साधी यादी येते, बाणाने खाली जा, पासवर्ड टाका, झालं. विकेडच्या सवयीच्या माणसाला हे आवडतंच. आणि आयडब्ल्यूडीचा मोह सुटत नसेल तर नेटवर्कमॅनेजरच्या सेटिंगमध्ये वायफायचा बॅकएंड म्हणून तेच लावता येतं, मग दोघं भांडत नाहीत, एक दुसऱ्याच्या हाताखाली काम करतो.

व्हीपीएनचं मात्र ऑफिसला विचारा कुठलं आहे. वायरगार्ड असेल तर २०१९ पासून नेटवर्कमॅनेजरला ते आतूनच येतं, ओपनव्हीपीएन असेल तर त्याचा प्लगिन वेगळा टाकावा लागतो. हे सगळं नेट चालू असतानाच उतरवून घ्या, जुनं काढायचं ते नंतर. मी एकदा उलटं केलं होतं, आधी काढलं, आणि मग नवीन उतरवायला नेटच नाही, शेवटी दुसऱ्या मशीनवरून पेनड्राइव्हने एकेक पॅकेज आणत बसलो.