'पर्यंत' एकच, मग 'बाय' की 'अंटिल'?

प्रश्न असा आहे: 'बाय–अंटिल, फॉर–सिन्स, बिग–लार्ज अशा सारख्या अर्थाच्या इंग्रजी शब्दांतला नेमका कोणता वापरायचा? पाठ करायला एखादी यादी आहे का?'

यादी पाठ करू नका. मी केली होती. तिच्यात 'बाय'पुढे 'पर्यंत' लिहिलं होतं आणि 'अंटिल'पुढेही 'पर्यंत'च.

मी भोसरीला एका कारखान्यात डिस्पॅचला होतो. इंग्लंडच्या एका गिऱ्हाइकाचे फ्लँज रखडले होते, म्हणून मेल केला: 'वुई विल सेंड द बॅलन्स मटेरियल अंटिल १५ मार्च.' मला म्हणायचं होतं, पंधरा तारखेपर्यंत सगळा माल निघेल. त्यांनी वाचलं, पंधरापर्यंत माल पाठवत राहू आणि मग बंद. दुसऱ्याच दिवशी विचारणा आली, पंधरानंतर पुरवठा का थांबवताय? साहेबांनी त्या मेलची प्रिंट काढून शॉप फ्लोअरवर सगळ्यांसमोर वाचली आणि म्हणाले, 'मराठी मीडियमवाल्यांना फॉरेनचे मेल लिहायला देत जाऊ नका.' पुढे वर्षभर माझी पत्रं दुसऱ्याच्या नावाने गेली. चूक माझी होती, हे मी तेव्हाही कबूल केलं. पण तिचं कारण मीडियम नव्हतं.

ते मला दोन वर्षांनी कळलं. एक जर्मन इंजिनिअर इन्स्पेक्शनला आला होता. जाताना त्याने दुरुस्त्यांची यादी दिली, खाली लिहिलं होतं, 'प्लीज करेक्ट अंटिल थर्सडे.' शब्दाला शब्द माझीच चूक. साहेबांनी यादी वाचली, मान डोलावली आणि कामाला लावलं, एक अक्षर बोलले नाहीत. चहाच्या वेळी मी त्या पाहुण्याला विचारलं. तो म्हणाला, जर्मनमध्ये 'बिस' हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो.

आपली भाषा जिथे एका शब्दात भागवते आणि इंग्रजी दोन मागते, तिथे माणूस अडतो; मग तो भोसरीचा असो की जर्मनीचा. उलटही होतंच. आपल्याकडे तांदूळ निवडतात आणि भात वाढतात, इंग्रजीला दोन्ही राइसच. एखादा गोरा पाहुणा 'मी तांदूळ जेवलो' म्हणाला तर आपण कौतुकाने सांगतो, त्याची शाळा काढत नाही.

आता तुमचं. शब्दाचा अर्थ बघत बसू नका, शेजारचं क्रियापद बघा. थांबणं, राहणं, चालू असणं, म्हणजे त्या वेळेपर्यंत सलग चालणारं काही असेल तर 'अंटिल': पाचपर्यंत दुकान उघडं आहे. पाठवणं, पोचणं, संपवणं, म्हणजे त्या वेळेच्या आत एकदा होऊन जाणारं असेल तर 'बाय': पाचपर्यंत पोचतो. 'पासून'चंही तसंच आहे. सोमवारपासून म्हणजे सुरुवात सांगितली, तिथे 'सिन्स'. दोन वर्षांपासून म्हणजे किती काळ ते सांगितलं, तिथे 'फॉर'. बिग–लार्जला मात्र असा नियम मला सापडला नाही, तिथे सवयच. थोरला भाऊ 'बिग ब्रदर' असतो, 'लार्ज ब्रदर' नसतो.

आणि इंग्रजी–मराठी कोश बाजूला ठेवून लर्नर्स डिक्शनरी घ्या. हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. परक्या विद्यार्थ्यांना कुठे अडतं हे रोज समोर बघून त्यांनी सहकाऱ्यांबरोबर कोश रचला, तो १९४२ साली टोकियोत निघाला. आजची ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी त्यातूनच आली. इंग्रजी घरात न बोलणाऱ्यांसाठीच ती आहे, त्यामुळे तिच्यातली उदाहरणाची वाक्यं वाचा, अर्थ नंतर.

एक राहिलं. वाक्यात नकार आला की वरचा नियम जपून वापरा. 'डोन्ट सेंड अंटिल फ्रायडे' हे बरोबर आहे, पाठवणं एकदाच होणारं असलं तरी. कारण इथे न पाठवणं शुक्रवारपर्यंत चालू राहतं.

आता डिस्पॅचची पत्रं माझ्याकडून जातात. नवीन पोराने 'अंटिल' लिहिलं की मी त्याला एकट्याला बोलावतो आणि विचारतो, 'पंधरापर्यंत काय चालू राहणार आहे रे?' बहुतेक वेळा तो स्वतःच खोडून 'बाय' लिहितो.