भांडणं कमी झाली ती पॉवर बँकेमुळे

प्रिय मुली,

तुझ्या चार पानी पत्रातली बहुतेक जागा मैत्रिणीच्या तक्रारींनी भरली आहे. नीटच्या क्लाससाठी तुम्ही दोघी लातूरला एका खोलीत राहता. पुण्याच्या त्या मुलाशी तुझं जमल्यापासून ती तुटक वागते, त्याच्याबद्दल वाकडं बोलते. 'ती जळते,' असं त्याचं मत आणि आता तुझंही. तिला कसं समजावू, असं तू विचारलंस. मी मात्र दुसऱ्याच एका ओळीपाशी थांबले. जाता जाता तू लिहिलंयस: 'पॉवर बँक घेतल्यापासून आमची भांडणं खूप कमी झालीत.'

म्हणजे भांडणं बॅटरीवरून होत होती! फोन बंद पडला की त्याला तुझं लोकेशन दिसेनासं व्हायचं आणि कुठे होतीस, कोणाबरोबर होतीस, याची उलटतपासणी सुरू व्हायची. आता तू पॉवर बँक क्लासला नेतेस, मेसला नेतेस, अगदी बाथरूमलाही नेतेस. भांडायला त्याला कारणच उरलेलं नाही, कारण दिवसातला एक क्षणही तू त्याच्या नजरेआड होत नाहीस. हे वाचून मला त्याचा भयंकर राग आला.

'त्याने कधी हात उगारला नाही,' हे तू पुन्हा पुन्हा लिहितेस. तुझ्या वयाच्या मुली मला हे नेहमी सांगतात, आणि दोष आम्हा मोठ्यांचा आहे. मार बसला तरच छळ, हेच आम्ही तुम्हाला दाखवत आलो. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५च्या कायद्याने जोडीदारावर असा सततचा ताबा ठेवणं हा गुन्हा ठरवला. एकही चापट न मारता त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्याकडे असा वेगळा गुन्हा नाही, पण बाईच्या इंटरनेटच्या वापरावर पाळत ठेवण्याला भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ लागू शकतं. इन्स्टाचा पासवर्ड तू 'स्वतःहून' दिलास म्हणतेस. त्याआधी दोन दिवसांचा अबोला होता आणि मग रात्री 'मी जिवाचं काहीतरी करून घेईन' असा मेसेज होता, हेही तूच लिहिलंयस. त्याला स्वतःहून देणं म्हणत नाहीत, पोरी. पुन्हा असा मेसेज आला तर लगेच त्याच्या घरच्यांना कळव. त्याचा जीव सांभाळायचं काम सतरा वर्षांच्या मुलीवर टाकायचा त्याला काही अधिकार नाही.

आणि मैत्रीण जळत नाही गं. तिच्याबरोबर खाली चहाला जायचंही तू बंद केलंस, कारण त्याला ते आवडत नाही. तिला दिसतंय ते तुला दिसू नये, म्हणूनच तो तिला नावं ठेवतो.

आज रात्री मेसवरून आलात की दार लाव, फोन उघडून तिच्या हातात दे आणि गेल्या महिन्याभराचे त्याचे मेसेज तिला वाचू दे. मध्ये त्याची बाजू मांडू नकोस. तिच्याशी बोलशील ते तोंडीच बोल, इन्स्टावर नको, पासवर्ड त्याच्याकडे आहे. पुढे त्याला काय सांगायचं, कधी सांगायचं, ते दोघी मिळून ठरवा. एकटीने त्याच्याशी वाद घालायला जाऊ नकोस. घरी कळलं तर क्लास बंद करतील, ही तुझी भीती मला खोटी वाटत नाही, म्हणून सुरुवात मैत्रिणीपासून कर. तिलाही घाबरायला झालं तर दोघी मिळून १०९८ या हेल्पलाइनला फोन करा. ती लहान मुलामुलींसाठी आणि तुमच्या वयाच्यांसाठीच आहे, मोफत आहे, रात्रीही लागते.

मैत्रीण आधी चिडेल. इतके दिवस कुठे होतीस, असं विचारेल. ऐकून घे.

तुझी ताई